माझ्या प्रोग्रॅमला तिची जोडणी

फैजपूरच्या केळी उत्पादक गटाचा प्रोग्रॅम मी बारा वर्षांपूर्वी एकटीने लिहिला. बाग निसवली, म्हणजे घड बाहेर पडला, की ती तारीख टाकायची. कापणी कधी येईल ते तो सांगायचा. ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर चालायचा. सगळे त्याला ‘ताईंचा प्रोग्रॅम’ म्हणायचे आणि मला ते फार आवडायचं.

मग माल नेणाऱ्या गाड्यांचं बुकिंग वेबवर गेलं. गटाच्या अध्यक्षांचा, आबांचा, फोन आला. प्रोग्रॅममधूनच गाडी बुक व्हावी आणि शेतकऱ्याला मोबाइलवर मेसेज जावा, असं त्यांना हवं होतं. मी मेहरूणला घरी बसून आठवडाभर साधनं धुंडाळली. माझ्याच फॉर्ममध्ये बसवता येईल अशी एक तयार जोडणी सापडली. ती दाखवायला गेले तर आबा म्हणाले, “धुळ्याच्या एका मॅडमनाही बोलावलंय.”

ती पॉलिटेक्निकमधली माझी मैत्रीण निघाली. होस्टेलला आम्ही एका खोलीत राहायचो. प्रत्येक परीक्षेत ती माझ्या पुढे, आणि वर माझ्याच वह्यांचं कौतुक करायची.

आबांनी दोघींना एकच प्रश्न विचारला. “नेट गेलं तर?”

माझ्या जोडणीत नेट गेलं की फॉर्म गोठायचा. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. ती म्हणाली, “जुन्या प्रोग्रॅमला हात नको लावायला. शेजारी एक छोटा प्रोग्रॅम ठेवू. तो कापणीची यादी वाचेल, नेट आलं की बुकिंग पाठवेल आणि उत्तर आणून ठेवेल.”

तिचं बरोबर होतं, हे मला तिथल्या तिथे कळलं. म्हणूनच जास्त झोंबलं.

काम तिला मिळालं. जाण्याआधी तिने विचारलं, “तुझ्या डेटात काही खाचाखोचा?”

“विशेष नाही,” मी म्हणाले.

खरं तर होत्या. निसवणीची तारीख माहीत नसली की ऑपरेटर एक जानेवारी टाकायचा. माझे फॉर्म ती तारीख रिकामीच धरायचे. तिचा प्रोग्रॅम ती खरी धरून भलत्याच दिवशी गाडी पाठवणार, हे मला ठाऊक होतं.

चाचणीच्या तिसऱ्या दिवशी दोघी ऑफिसात असताना चोपड्याकडचे एक नाना तरातरा आत आले. “माल आजून कवळा शे, अन् गाडी बांधवर उभी शे!” घड अजून कोवळे, म्हणून कापणीला बोलावलेली माणसंही त्यांना परत पाठवावी लागली होती.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली. “नाना, चूक माझी. मी नीट तपासायला हवं होतं.”

मी खाली मान घालून बसले. तिला बोलणी बसावीत म्हणून तर मी गप्प राहिले होते, आणि आता ती बोलणी मलाच ऐकवत नव्हती.

नाना गेल्यावर तिने माझे जुने फॉर्म उघडले. तासाभराने म्हणाली, “सापडलं. एक जानेवारी तू वगळतेस. किती बारीक काम केलंयस गं!”

ते कौतुक मला सहन झालं नाही. “मला माहीत होतं,” मी म्हणाले. “मुद्दाम सांगितलं नाही.”

तिने माझ्याकडे न बघता फॉर्म बंद केला. मग वही पुढे ओढली. “अजून काय काय आहे?”

मी आणखी तीन गोष्टी सांगितल्या. तिने त्या लिहून घेतल्या. त्या दिवशी मला चहा विचारला नाही. मी आबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “नानांना फोन तुम्ही करा.” मी केला. नानांनी मला पाच मिनिटं ऐकवलं.

तिचा प्रोग्रॅम आता दोन वर्षं बिनबोभाट चालतोय. काही अडलं की फैजपूरचे लोक आधी धुळ्याला फोन लावतात. ती त्यांना म्हणते, “आधी ताईंना विचारा.” मग माझा फोन वाजतो. मी सगळं नीट सांगते, काही राखून ठेवत नाही. पण तिने पाठवलं म्हणून त्यांनी मला विचारलं, हे प्रत्येक वेळी मनाला लागतं.