तळाची बारीक रेघ

खरं सांगू? हे बायकोलाही माहीत नाही. ज्या एका गोष्टीसाठी मला आयुष्यभर शाबासकी मिळाली, तिच्याविषयी मी कधी खरं बोललोच नाही. आज बोलतो. पण आधी गोष्ट ऐका — आयशप्पथ, होतीच तशी झकास!

सत्तरच्या दशकातलं नागपूर. मी प्रयोगशाळेत संशोधक. लुगड्याची गाठ वर्षानुवर्षं एकाच जागी काचून काही बायकांना कंबरेला कातडीचा कॅन्सर व्हायचा. भिवापूरकडून, मिरचीच्या तोड्यावरून उठून यायच्या बिचाऱ्या. ऑपरेशनानंतर कातडीचे दोन तुकडे आमच्याकडे येत — एक रोगाचा, एक शेजारचा चांगला. ते वाटायचे, त्यातली प्रथिनं बारीक नळीतल्या जेलमधून विजेनं खाली ओढायची, मग निळा रंग द्यायचा. जेलवर रेघा उमटत. रोगाच्या कातडीत कुठली रेघ वेगळी? प्रश्न एवढाच. दीड वर्ष मी डोळे फोडले, काही दिसेना.

नळ्या पुसून रोगाच्या एकीकडं, चांगल्या दुसरीकडं अशा जागेवर लावायला शेवंताबाई होत्या. नऊ वर्षं रोजंदारीवर. त्यांना कायम करायचा कागद नुकताच प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या, म्हणजे आमच्या सरांच्या, सहीसाठी आला होता.

हे काम मांडायची परिषद आठ दिवसांवर आली. आणि मी — रंगवलेले जेल अ‍ॅसिडात ठेवतात, म्हणून नळ्यांवरच्या चिठ्ठ्या पेन्सिलीनं लिहायच्या असतात, अ‍ॅसिडात शाई टिकत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण माझं अक्षर शाईत देखणं दिसायचं ना! अ‍ॅसिड सांडलं. चौदा नळ्या एकमेकींत मिसळल्या, चिठ्ठ्यांचा निळा लगदा झाला, कुठली रोगाची नि कुठली चांगली कळेना. तो लगदा मी गुपचूप फेकला.

सर कडाडले, चिठ्ठ्या कुठं आहेत? काय बोललो असेन मी? बोललो — बाईंनी पुसताना काढून टाकल्या. किती सहज निघालं तोंडातून! सरांनी कायम करायचा तो कागद बाजूला सारला आणि बाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

त्या रडल्या नाहीत. पदर खोचून पुढं आल्या. "चिठ्ठ्या गेल्या त काय झालं जी? रेघा त हायेत ना!" आणि भराभर नळ्या वेगळ्या केल्या, सात इकडं, सात तिकडं. "ह्या रोगाच्या. ह्यायले तळाशी एक बारीक रेघ हाय, चांगलीले नाही. मले कुठं वाचता येते? रेघा पाहूनच त रोज लावून राहिली मी!"

मी वरच्या जाड रेघांतच अडकलो होतो. तळाशी कधी नीट बघितलंच नव्हतं.

बर्फात ठेवलेल्या, नावं शाबूत असलेल्या तुकड्यांवर आम्ही सगळं पुन्हा केलं. तीन दिवस लागले. आणि — रोगाच्या सातांत तळाची रेघ, चांगल्या सातांत नाही, चौदाच्या चौदा बरोबर! एक चूक नाही! कधी न हसणारे आमचे सर टेबल बडवत होते. बाईंच्या कागदावर तिथल्या तिथं सही झाली, तर्रीपोहे आले. आजही आठवलं की अंगावर काटा येतो. काय दिवस होता तो!

पोहे खाताखाता सरांनी विचारलं, ही रेघ बाईंना दाखवली कुणी?

मी म्हणालो, "मीच शिकवलं त्यांना, सर."

सरांनी माझी पाठ थोपटली. बाईंचा घास हातातच राहिला. संध्याकाळी नळ्या धुताना त्यांनी विचारलं, "काहून जी साहेब?" — का, फक्त एवढंच. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

परिषदेत टाळ्या थांबेनात. मी मान लववली. लाज वाटायला हवी होती, पण सांगतो, छाती भरून आली होती. पुढची सगळी वर्षं बाई त्याच खोलीत होत्या, माझ्याशी नीट बोलत होत्या, आणि मी एकदाही तोंड उघडलं नाही.

चिठ्ठ्या माझ्या शाईनं गेल्या. ती रेघ शेवंताबाईंनी शोधली. मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा तिच्यावर त्यांचं बोट होतं.