मथुराच्या टिकल्या

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. मथुराला, माझ्या बायकोला, तर नाहीच. ती पोळ्याच्या आधी गेली. आता तुम्ही ऐका.

आधी शेत पाहा. कळसाडीच्या शिवारात यंदा माझ्यासारखा वाटाणा कोणाचा नाही. शेंग फोडा, आत अळी निघाली तर मला बोला. मावा, ती शेंड्यांचा रस शोषणारी बारीक कीड, आला होता — येणारच. पण काळ्या ठिपक्यांच्या लाल भुंग्यांनी तो खाऊन टाकला. मथुरा त्यांना टिकल्या म्हणायची. कपाळाला लावावी एवढीशीच ना ती?

रीत सगळी तिची. बचत गटाच्या बायांसोबत शिकून आली आणि मागेच लागली. पक्षी बसायला वाटाण्यात काड्या रोवल्या. काळा कोतवाल येऊन बसला की हसायची — बिनपगारी माणूस आला म्हणायची. निंबोळ्या कुटायची, भिजवायची, फडक्यातून गाळून फवारायची. म्हणायची, जहर मारू नका, टिकल्या मरतील, मग मावा कोण खाईल?

मला पटलं नव्हतं असं नाही. पटलं होतं — तेच तर. पण पारावरचे गडी दात काढायचे, "घरधनी कोन शे रे तुन्हा घरमा?" माझं डोकं तापायचं. एवढ्याशा गोष्टीनं? हो. एवढ्याशाच.

एका साली ती दोन दिवस भावाकडे खापरला गेली. मी जहाल औषध आणलं आणि भर दुपारी सगळ्या वाटाण्यावर पंप मारला. डबा उकिरड्यात पुरला.

ती आली तर सरीत टिकल्या मरून पडलेल्या. एकेक वेचून तळहातावर घेतली तिनं. मग म्हणाली, "मन्हीच निंबोळी कडक झायी व्हई."

मी काय म्हणालो? "व्हई." असेल, तुझीच कडक झाली असेल.

पंधरा दिवसांत मावा असा चढला की शेंडे चिकट, काळे. खायला टिकलीच उरली नव्हती. पारावर मीच सांगत फिरलो — बाईच्या औषधानं वाटाणा गेला. गडी खूष. मथुरानं निंबोळ्या भिजवायची बादली गोठ्यात टांगली, ती टांगलीच. कोणी बाई विचारायला आली तर म्हणायची, मला नाही जमत ते, माझा हात जड आहे. किती वर्षं? मरेपर्यंत.

यंदा बादली मी खाली काढली. तिच्या मापानं कुटलं, तिच्याच फडक्यानं गाळलं. काड्या रोवल्या. जहराचा थेंब नाही. आणि वाटाणा असा लगडला की पारावरचे तेच म्हातारे बांधावर येऊन उभे. एक म्हणाला, "तुन्हा हात सोनाना शे."

तोडणीच्या बाया निंबोळीचं माप विचारतात. मथुराचं माप म्हणूनच सांगतो. त्यांच्या मनगटांवर टिकल्या चढतात, त्या फुंकर मारून पुन्हा वेलीवर सोडतात. जिंकली मथुरा — अख्ख्या शिवारात जिंकली.

तिचा हात जड नव्हता. पंप मी मारला होता.