परसातली माती

रानातली माती निवडून, चाळून द्यायची नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं. विद्यापीठातून आलेल्या मुलीनं शाळेच्या ओट्यावर उभं राहून सगळ्या गावाला सांगितलं होतं. पण मी तेव्हा तिच्या पायांतले बूट बघत होते. एवढे जड बूट घालून ही पोरगी चिखलात चालते कशी, ह्या विचारात माझं ऐकायचं राहून गेलं.

बूट ही सबब झाली. ऐकलं होतं मी सगळं.

आमचं गाव इस्लामपूरच्या बाजूचं, नदीकाठचं, उसाचं. गावाच्या खालच्या अंगाची रानं कित्येक वर्षं पांढरी पडत चालली आहेत. उन्हाळ्यात ढेकळांवर मिठासारखा थर येतो, पावसाळ्यात पाय घातला तर पोटरीपर्यंत जातो, आणि एरवी लव्हाळ्याशिवाय तिथं काही उगवत नाही. अशा जमिनीला क्षारपड म्हणतात. विद्यापीठाच्या लोकांना त्यावर संशोधन करायचं होतं. निवडक रानांत जमिनीखाली भोकं पाडलेले पाईप गाडायचे, साचलेलं खारं पाणी चरातून ओढ्याला काढून द्यायचं आणि जमीन किती सुधारते ते मोजत राहायचं. खर्च सगळा त्यांचा. पहिल्या फेरीला ज्यानं त्यानं आपापल्या रानातली माती आणून द्यायची होती. ती तपासून ते रानं निवडणार होते.

आमचं खालचं रान निवडलं जावं म्हणून माझी सून देव पाण्यात घालून बसली होती. माझा मुलगा फौजेत, दूर सरहद्दीवर. सून इस्लामपूरला कापडाच्या दुकानात कामाला जाते. सकाळच्या एसटीनं जायचं, दिवसभर उभं राहून परक्या बायकांपुढं साड्या उलगडायच्या आणि त्या नको म्हणाल्या की पुन्हा घड्या घालायच्या. "खालचं रान पिकाय लागलं की दुकानाला रामराम," असं ती म्हणायची. माती द्यायच्या दिवशी तिला सुट्टी मिळाली नाही.

"आत्या, तेवढी माती तुमी काढून द्या," पायात चप्पल सरकवत ती म्हणाली. "रानातली चार-पाच ठिकाणची घ्यायची, मिसळायची नि पिशवी भरायची. येवढंच."

"कळतंय मला. मातीतच केस पांढरे झाले माझे."

"म्हनून तर सांगतीया. कायतरी शानपना करू नगा."

ती माझी सून आहे खरी, पण मला ओळखते.

खुरपं घेऊन मी खालच्या रानात गेले. बांधावर उभी राहिले. पांढरंफेक रान, मधूनच काळपट ओल, कडेला लव्हाळा. आणि माझ्या डोळ्यांसमोर शाळेतलं लांबलचक टेबल आलं. त्यावर सगळ्या गावाच्या पिशव्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर घराच्या नावाची चिठ्ठी, आणि त्यात आमची ही असली. त्यात ती मुलगी निघाली साताऱ्याची. माझं माहेर साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. म्हणजे माहेरचं माणूस दारात आलेलं. माहेरच्या माणसापुढं कुणी फुटका कप ठेवतं का?

तशीच घरी आले. परसात शेवग्याखाली मी कैक वर्षं नदीचा गाळ आणि शेणखत घालत आले आहे. तिथली माती काढली. खडे निवडले. पिठाच्या चाळणीनं चाळली. धुतलेल्या जुन्या लुगड्यावर सावलीत पसरली आणि वाळल्यावर भरली. काळीभोर, मऊसूत माती! ती पिशवी बघून कुणीही आमच्या घरात डोळे झाकून पोरगी दिली असती.

हे काही माझ्या अल्लड वयातलं नाही बरं का. साठी उलटून गेली होती. पण आज त्या चाळणीवाल्या बाईकडं बघताना वाटतं, हिला अजून दोन वर्षं बालवाडीत बसवायला हवं होतं.

काही आठवड्यांनी शाळेच्या पटांगणात सभा झाली. मातीत काय निघालं ते सांगणार होते. सून त्या दिवशी सुट्टी टाकून आली होती, इस्त्रीची साडी नेसून, पुढच्या रांगेत. मी तिच्या शेजारी. साताऱ्याची मुलगी माइकवर एकेका रानाचं सांगत होती, क्षार किती, कस किती. खालच्या अंगाची रानं एकामागून एक नापास होत होती, आणि नापास झाला की माणूस खूश! कारण नापासालाच पाईप मिळणार होते. तेव्हा कुठं मला उमगलं. इतके दिवस माझ्या डोक्यात हे शिरलंच नव्हतं, की ही परीक्षा नापास व्हायची होती.

"खालच्या अंगाला एक रान मात्र फारच सुंदर निघालं," मुलगी कौतुकानं म्हणाली. "अख्ख्या गावातली सगळ्यात चांगली माती. ह्या रानाला पाईपची काही गरज नाही."

आणि तिनं आमचं आडनाव घेतलं.

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच.

"आवं काकी, त्या रानात म्हसरं मीठ चाटाय येत्यात की!"

"काकी, येक पाटी आमास्नी बी द्या त्यातली. गुलाब लावतो!"

"हसू नगा रं," एक म्हातारा म्हणाला, "काकीनं रातीत रान बदलून घेतलंया."

ओट्यावरची मुलगी गोंधळून सगळ्यांकडं बघत होती. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण जमीन तरी कुठली घेणार? आमच्या जमिनीला तर मीच तोंडघशी पाडलं होतं.

सून हसली नाही. माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "शेवग्याखालची?"

"व्हय."

एवढंच. घरी येईपर्यंत ती बोलली नाही. घरी आल्यावरही नाही. भाकरी केली, मला वाढली, वर तूप वाढलं. भांडली असती तर मीही चार शब्द ऐकवले असते आणि मोकळी झाले असते. त्या तुपानं मला पार संपवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः त्या मुलीला फोन करून खरं काय ते सांगितलं. मुलगी दोन दिवसांत आली. ह्या वेळी माती काढायचं लोखंडी गिरमिट घेऊन थेट रानातच. मला पाहून म्हणाली, "आजी, तुमच्या पिशवीत अंड्याच्या टरफलाचा बारीक कण निघाला होता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती." आणि हसली. माहेरचं माणूस ते माहेरचं माणूस.

गिरमिट फिरवत खाली घातलं, तर हातभरावरच भोकात पाणी झिरपायला लागलं. ती उकिडवी बसून ते बघत होती. म्हणाली, "आजी, हे पांढरं कधीपासून पडायला लागलं?"

सून माझ्याकडं बघत होती. इथं पिशवी बदलून चालणार नव्हतं.

मग मला त्या मुलीला आणखी एक बाई दाखवावी लागली. तीही मीच, पण तिशी-चाळिशीतली, नवरा पलटणीत, कमरेला किल्ल्या, आणि शहाणपण तर असं ओसंडून वाहणारं की बांध फुटावा. माहेरी दोन घागरींसाठी कोसभर चाललेली ही पोर. इथं नदीचं पाणी उपसून पाटानं दारात आलं आणि हिचं भान सुटलं. पाणी बंद करणं तिला पाप वाटायचं. पाण्याची पाळी असेल तितका वेळ ते मोकाट सोडलेलं, उसाच्या गळ्यापर्यंत. पाणी सोडणारा पाटकरी म्हणायचा, "वैनी, बास करा. उसाला वाफसा लागतो, बेताची ओल, तळं न्हाई." त्यावर ती काय म्हणायची? "आमच्या माहेराला जाऊन या, मग मला बास म्हणा."

पहिल्या सालात पांढरा ठिपका दिसला तेव्हा ती बाई खूश झाली. तिला वाटलं, खत वर आलंय. दुसऱ्या सालात ठिपक्याचं अंगण झालं, तर ते धुऊन काढायला तिनं आणखी पाणी सोडलं, आणि त्या पाण्याबरोबर खालचं मीठ आणखी वर आलं.

मुलगी हे सगळं फोनमध्ये भरून घेत होती. म्हणजे माझा मूर्खपणा आता विद्यापीठात जपून ठेवला आहे.

ऐकून झाल्यावर ती अवघडून सुनेला म्हणाली, "ताई, पाईपची रानं ठरून गेलीत. पाईप येऊनही पडलेत. आमच्या सरांशी मी बोलले. पण एक रान आम्हाला तुलनेसाठी हवंय. त्यात काहीच करायचं नाही, फक्त मोजायचं. म्हणजे पाईप घातलेल्या रानांत किती फरक पडला ते कळेल. अभ्यास संपला की तुमच्या रानात पाईप घालायचं सरांनी कबूल केलंय."

"कवा संपंल?"

"तीन वर्षं तरी."

सुनेनं रानावरून नजर फिरवली. तीन वर्षं म्हणजे तीन दिवाळ्यांची गिऱ्हाइकं, लग्नसराईच्या साड्यांचे ढीग. मला वाटलं, आता तरी माझ्यावर उखडेल. ती म्हणाली, "चालंल. मांडा आमचं रान."

आता डांबरी सडकेला लागून आमच्या बांधावर बोर्ड उभा आहे: 'तुलनेचे रान. कोणताही उपचार नाही.' जी गोष्ट एका पिशवीत झाकायला गेले, ती आता येणारी-जाणारी प्रत्येक एसटी वाचते. शेजारच्या रानात पाईप पडले, चर वाहायला लागला, यंदा तिथं गुडघाभर सोयाबीन आलं. सडकेनं जाणारे मुद्दाम विचारतात, "काकी, तुमच्यात काय पेरलंय?"

"आमी तुलनेला हाय रं," मी म्हणते. "आमी हाय म्हणून तुमचं हिरवं दिसतंय."

तोंडानं मी कुणाला हार जात नाही. पण मुलगी माती न्यायला येते तेव्हा मी बांधावर हात मागं बांधून उभी राहते. मातीला शिवायचं नाही, असा सुनेचा हुकूम आहे.

दुकानातल्या दिवाळीच्या गर्दीतून परवा सून आली आणि चप्पल न काढता उंबऱ्यावरच बसली. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांचे वळ उमटले होते. मी तेल कोमट करून आणलं आणि तिच्या पायांशी बसले.

"आत्या, ऱ्हाऊ द्या. सासूनं सुनंचं पाय धरायचं, बरं दिसतं का ते?"

"मग रान बरं दिसतंय?"

ती हसली. किती तरी दिवसांनी हसली. पाय आखडून घ्यायला गेली, मी घोटा धरून ठेवला. मग तिनं भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. मी मान खाली घालून तेल चोळत राहिले.