पाहुणे माळवदात झोपले

आकारामाच्या वाडीत एकच माळवद उरलं होतं, आणि ते आकारामाचंच. हातभर रुंद मातीच्या भिंती, वर लाकडं टाकून मातीचंच सपाट छत. बाकी साऱ्या वाडीनं स्लॅब टाकले आणि उन्हाळाभर सारी वाडी अंगणात झोपू लागली. ह्याला म्हणतात सुधारणा! लेकानं पैसे धाडले म्हणून आकारामानंही शेजारी स्लॅबची खोली बांधली, पण तिच्यात तो पाऊल ठेवीत नसे. "भट्टी हाय ती," म्हणायचा.

लेक विश्वजित फौजेत. वय तिशीच्या पार पुढं गेलेलं. सोयरिकी यायच्या, मातीचं घर बघायच्या, चहा पिऊन जायच्या. बायको रंगूबाई तडकायची, "त्या ढेकळांपायी पोरगं बिनलग्नाचं मरंल." आकाराम म्हणायचा, "मला त्याच घरात मरू दे." जेवताना ह्या दोन मरणांशिवाय तिसरा विषय नसायचा.

वैशाखात उंब्रजचे बाळासो घर बघायला आले. ऊसवाला माणूस, पोरगी शिकलेली. रंगूबाईनं आधीच माळवदाला कुलूप घातलं होतं. "शेरडांचं हाय म्हनून सांगा," तिनं नवऱ्याला बजावलं. पाहुणे स्लॅबखाली बसले. पोहे आले आणि लाईट गेली. बाळासोंचा सदरा पाठीला चिकटला. टोपीनं वारा घेऊन घेऊन त्यांचा हात दुखायला लागला.

आकारामानं किल्ली काढली. "आवं पाव्हणं, हिकडं टेका घटकाभर." रंगूबाईनं कपाळाला हात लावला.

बाळासो आत भिंतीला टेकले आणि जे घोरायला लागले, ते ऊन उतरलं तरी उठेनात. आकाराम उंबऱ्यात तंबाखू मळत बसला. गडी मनातून लय खूश होता. घर वाचलं आणि सूनही आली, असं त्यानं धरूनच टाकलं.

बाळासो उठले. तोंडावर पाणी मारलं. भिंतीवरनं हात फिरवत म्हणाले, "लय वरसांनी अशी झोप लागली बघा. आमचंबी असंच व्हतं. थोरल्याच्या लग्नापायी पाडलं."

"मग ह्ये ऱ्हाऊ द्या की," आकाराम म्हणाला.

"पोरगी दिली तुमाला," बाळासोंनी टोपी घातली. "पन लग्नाआधी ह्ये पाडा. लोकं नावं ठेवत्यात."

आकाराम लेकाचा बाप होता. "बरं," म्हणाला. दुसरं काय म्हणणार? तोंडातली तंबाखू थुंकला. लगीन मार्गशीर्षात ठरलं.

पावसाच्या तोंडाला माळवदावर ताजी पांढरी माती पसरून चोपावी लागते, न्हाईतर छत गळतं. ज्येष्ठात आकाराम टेकाडावरनं पाट्या भरून माती आणू लागला.

"आवं, दिवाळी झाली की पाडायचं हाय न्हवं?" रंगूबाईनं खालून विचारलं.

"व्हय," तो वरनं म्हणाला. "पाटी दे."

तिनं पाटी उचलून दिली.