घरटी एक माणूस

घड्याळ न वापरता सगळीकडे उशिरा पोचणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण झालेला उशीर चंद्राच्या नावावर टाकणारे आमच्या वरच्या मजल्यावरचे नाना एकटेच. सोसायटीची सभा संध्याकाळी सातला ठेवली की ते आधी तिथी विचारतात. नवमी असली की मान हलवतात, "तवा भरती असंल. ओहोटीला ठेवा, येतू."

उरणच्या बाजूची आमची ही वसाहत जिथे उभी आहे, तिथे पूर्वी नानांचं मिठागर होतं. ते त्यांनी विकलं, त्याच जागेवर फ्लॅट घेतला. मनातलं मिठागर विकायचं मात्र राहून गेलं. ए विंगला ते अजून 'थोरला वाफा' म्हणतात, बी विंगला 'धाकटा'. एकदा एका कुरियरवाल्याला त्यांनी असाच पत्ता सांगितला. हैराण होऊन त्याने मला फोन केला, आणि मीही सहज म्हणालो, "धाकट्या वाफ्यात, दुसरा मजला."

वसाहतीच्या मागे खाडीचा बांध आहे आणि बांधाच्या पोटात उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची फळ्यांची मोरी. ती राखल्याशिवाय नानांनी बिल्डरला सही दिली नव्हती. भरतीला ते फळी उचलून मागच्या खोलगट जागेत थोडं पाणी घेत आणि पाहुण्याला म्हणावं तसं म्हणत, "ये, बस जरा." पाणी बसायचं. त्यात खारफुटीची हातभर तिवरं उगवली होती, बगळे आपलीच सावली निरखत उभे असायचे, आणि लांब न्हावा शेव्याच्या क्रेन झोपेत चालल्यासारख्या हलायच्या. तिथे उभं राहिलं की मला वाटे, मी रात्री जिथे झोपतो तिथेही कधी असंच पाणी बसत असेल, आणि ओशाळायला होई.

मग गाड्या वाढल्या. कमिटीने ठरवलं, उघाडी सिमेंटने बुजवायची. पाणी तुटलं की तिवरं आपोआप वाळतील, वर भराव घालून पार्किंग करता येईल. ठराव रविवारी सेक्रेटरी म्हणून मलाच मांडायचा होता. 'आपोआप' हा शब्द मला जेवतानाही टोचायचा. शेवटी नानांना सांगायला गेलो. त्यांनी चहा पुढे केला. "जमीन इकली मी. तुझा त्यात काय दोष? पन पान्याला कोनी इचारलं नाय. ना मी, ना तू."

रविवारच्या आधी आषाढातली अमावास्या आली. दर अमावास्येला बांध फुटणार असं नाना सांगत, म्हणून कोणी मनावर घेत नसे. या वेळी दुपारच्या भरतीत तो खरंच फुटला. ओहोटी लागताच नाना दारोदार फिरले, "घरटी एक मानूस, बांधावर. लवकर." या किनाऱ्यावर बांधाला खांड पडली की वैर असलेल्या घरातूनही एकजण जातोच. आम्ही बाहेरून आलेले, ना ही रीत ठाऊक, ना बांध फुटल्याचा पत्ता. श्रावणापूर्वीची अमावास्या, त्यात नानांच्या घरचं कालवण सर्वांना ठाऊक. आम्ही समजलो, जेवणाचं आमंत्रण. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. शेजारच्या काकू पैठणी नेसून आल्या.

गुडघाभर चिखलात उभ्या नानांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बांधाचं लगीन हाय का?"

परत फिरायची लाज वाटली. रांग लागली, चिखलाचे गोळे हातोहात पुढे सरकू लागले. कोणीतरी कुरकुरलं, "नाना, जेवण कुठे?"

"पयला दर्याचं त्वांड बंद करा, मंग तुमचं उघडू."

अंधार पडायच्या आत खांड बुजली. मग तिथेच, बांधावर बसून, नानांनी सर्वांना बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली.

रविवारी मी ठराव वाचला आणि हात वर करायला सांगितलं. नखांत अजून चिखल असलेले हात मांडीवरच राहिले. माझेही. पार्किंगवरून आम्ही आजही भांडतो, पण उघाडी आहे.

आता नानांचे गुडघे त्यांना बांध चढू देत नाहीत. भरतीला मी जातो. ऑफिसात उशिराचं कारण विचारलं की तिथी ओठांवर येते, ती गिळतो. फळी उचलली की मागून, गॅलरीतून, हाक येते.

"सेक्रेटरी, आयलं का रं पानी?"

"आलं, नाना."

"बसलं का?"

मी थोडा वेळ बघत राहतो. तिवरांच्या मुळांशी पाणी हळूहळू स्थिर होतं.

"बसलंय."