काटा दिसत असताना काढलेला एक्स-रे

मित्रहो, प्रसंग आज दुपारचाच आहे. निष्कर्ष माझ्याजवळ नाही, म्हणून प्रसंगच तुमच्यापुढे मांडतो.

सकाळपासून लंगडणाऱ्या, पण घरी पंजाला हात लावू न देणाऱ्या आमच्या कुत्र्याला घेऊन मी अमरावतीतील एका नव्या प्राणी-दवाखान्यात गेलो. तेथील डॉक्टर माझीच विद्यार्थिनी निघाली. अकोल्याच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मी तिला शिकवले होते. तिने पंजा उचलला आणि बोटांमधला बाभळीचा काटा आम्हा दोघांनाही स्पष्ट दिसला. तिने चिमटा घेतला, तोच व्यवस्थापक आत आला.

“मॅडम, लंगडं जनावर आलं की आधी एक्स-रे. ठरलं आहे ना आपलं?”

कारण डोळ्यांसमोर असताना तपासणीचे प्रयोजन उरत नाही, असे मी म्हणालो. तो हसला. “काका, डोळ्यानं पाहाचे दिवस गेले. मंग मशीन कायले आनली?”

कोणत्या डॉक्टरने किती तपासण्या करवल्या, याचा तक्ता भिंतीवर होता. तिचे नाव सर्वांत खाली होते. मी पुढचा मुद्दा मांडणार, इतक्यात ती हळूच म्हणाली, “सर, तुमचं बरोबर आहे. पण वाद नका घालू. तुमी घरी चालले जासान, मले इथंच राहाचं आहे. याही महिन्यात नाव खाली राहिलं तर काढून टाकतीन मले.”

मी एक्स-रेच्या संमतिपत्रावर सही केली. काटा एक्स-रेनंतर, त्याच चिमट्याने निघाला.

असा काटा एक्स-रेत सहसा दिसत नाही, हे तिला वर्गात मीच शिकवले होते. आज माझी सही पाहून ती काय शिकली असेल? माझ्या जागी तुम्ही काय केले असते?