इंजिनाचा फोटो नसलेली जळगाव जामोदची सफर

"ताई, आमच्या गावात इंजिन येऊन राह्यलं. येतं का पाहाले?"

मावसभाऊ नितीनचा फोन आला तेव्हा मी आधी खो खो हसले. जळगाव जामोदला रेल्वेच नाही! मग कळलं, इंजिन ट्रेलरवर बसून येणार होतं. एका बंद कारखान्यातलं छोटं वाफेचं इंजिन आणि नितीन शिकवतो त्या शाळेच्या बागेत त्याचा कायमचा मुक्काम. जुनी इंजिनं म्हणजे माझा जीव की प्राण. मी नाशिकहून शेगावची गाडी पकडलीच.

शेगावला उतरलात तर कचोरी गरम मिळेपर्यंत हलू नका. तिथून वरवट बकालवरून एसटी जाते. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला चाट नाही. खिडकी उजवीकडची धरा, पुढे सातपुडा दिसायला लागतो. वरवट बकालच्या फाट्यावर मिरचीभजी खाल्ली आणि जळगावपर्यंत पाणी पीत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलर बाजाराच्या तोंडाशी उभा होता. सगळी सूत्रं युसूफचाचांकडे होती. अवजड सामान हलवण्यात त्यांची उभी हयात गेलेली. ट्रेलरच्या चारी बाजूंनी दोरी, ती धरायला आम्ही दहा जण, हातात लाल झेंडी घेऊन चाचा पुढे. दोरीच्या आत कुणी यायचं नाही.

"ड्रायव्हरले चाकापाशी काहीच दिसत नाही," ते मला म्हणाले. "बेटा, दोरी धरली तं दोरीच धराची. इंजिन मंग पाहाजो."

मी मान डोलावली. ट्रेलर माणसाच्या चालीने बाजारात शिरला, वळणावर इंजिनाच्या धुरांड्यावर ऊन पडलं आणि माझं भान सुटलं. दोरी सोडून मी फोन काढला. एकच फोटो, म्हटलं.

तेवढ्यात चाचांची शिट्टी कानात घुसली. त्यांनी धावत येऊन केबिनच्या दारावर धपाधप थापा मारल्या. ब्रेक कचकचले. पुढच्या चाकाशी हिरव्या लुगड्यातली एक आजी वाकली होती, हातात लिंबू. चाक तिच्या बोटांपासून वीतभर लांब थांबलं.

"आजी, काऊन जीव देता?" चाचा ओरडले.

"अरे, गावात नवं वाहन आलं," आजी शांतपणे म्हणाली. "चाकाखाली लिंबू नाही ठेवा लागत?"

आता लोक आजीवर तुटून पडणार असं वाटलं. चाचांनी जमिनीवर पडलेली दोरी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. नितीनला मोटरसायकलवर शाळेत पिटाळून मैदान आखायची फक्की मागवली आणि ट्रेलरच्या बऱ्याच पुढे रस्त्यावर पांढरी रेघ ओढली.

"ज्याले लिंबू ठेवाचं त्यानं या रेघेवर ठेवा. सगळे दोरीच्या बाहेर आले का मंगच गाडी हलते!"

अर्धा बाजार लिंबू घेऊन आला. भाजीवालीची टोपली रिकामी झाली. पहिलं लिंबू आजीनेच ठेवलं आणि ती माझ्या शेजारी दोरीबाहेर येऊन उभी राहिली. ट्रेलर रेघेवरून गेला तेव्हा चिरडलेल्या लिंबांचा वास साऱ्या बाजारात पसरला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाळेपर्यंत दोन्ही हातांनी दोरी धरून चालले.

इंजिन बागेत टेकल्यावर चहा झाला. मी चाचांना म्हटलं, "चुकलं माझं. वर आजीला बोलणी बसली."

"आजीचा काय दोष?" ते बशीत चहा ओतत म्हणाले. "तिच्यासमोर दोरी असती तं ते थांबली असती."

घरी आल्यावर फोटो मोठा करून पाहिला. इंजिन झकास आलंय, धुरांड्यावर ऊनही आहे. खाली कोपऱ्यात जमिनीवर पडलेली दोरी आणि ती ओलांडणारं हिरव्या लुगड्यातलं एक पाऊल. तो फोटो मला इथे टाकवला नाही आणि फोनमधून पुसवतही नाही.